आकडा सांगण्याची जबाबदारी : मार्शा मॅकनट आणि मेक्सिकोच्या आखातातला 2010 चा उन्हाळा

समुद्राच्या तळाशी, दीड किलोमीटर पाण्याखाली, एक तुटका पाइप पडलेला आहे. त्यातून तेल आणि वायू उसळत आहेत. तिथे माणूस उतरू शकत नाही, उजेड पोचत नाही आणि पाइपाला मीटर नाही. रोज किती तेल बाहेर पडतंय, एवढाच प्रश्न होता. महिना उलटला तरी पटेल असं उत्तर कुणाकडे नव्हतं.

2010 च्या मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात अमेरिकी सरकारने या प्रश्नासाठी ‘फ्लो रेट टेक्निकल ग्रुप’ नावाचा गट नेमला आणि त्याचं नेतृत्व मार्शा मॅकनट यांच्याकडे सोपवलं. जेमतेम सात महिन्यांपूर्वी त्या यूएसजीएस या अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संचालक झाल्या होत्या. 1879 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या प्रमुखपदी आलेल्या त्या पहिल्या महिला. तेलविहिरी हा त्यांचा विषय नव्हता. त्यांचं आयुष्य समुद्राचा तळ अभ्यासण्यात गेलं होतं.

मॅकनट यांच्या कारकिर्दीतून मी मुद्दाम हा एकच उन्हाळा उचलला आहे. संशोधन संस्थेचं नेतृत्व म्हटलं की आपण पदांची आणि पदकांची यादी वाचतो. त्या यादीतून माणूस निर्णय कसे घेतो हे कळत नाही. या तीन महिन्यांत मॅकनट यांच्या हातून एक चूक झाली असं माझं मत आहे, आणि काही गोष्टी त्यांनी अशा केल्या की संशोधक चमू चालवणाऱ्या प्रत्येकाने त्या बारकाईने पाहाव्यात.

आधीची वाट

मॅकनट यांनी 1973 मध्ये कोलोरॅडो कॉलेजमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि 1978 मध्ये स्क्रिप्स या कॅलिफोर्नियातल्या सागरी संशोधन संस्थेतून डॉक्टरेट केली. समुद्रात ज्वालामुखीचं बेट उभं राहिलं की त्याच्या वजनाने खालचं भूकवच वाकतं. ते किती वाकलं यावरून ते किती जाड आणि किती भक्कम आहे, याचा अंदाज बांधता येतो. कवचाला हात लावून कुणी पाहिलेलं नाही. गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक आणि तळाची खोली मोजायची आणि त्यावरून आतलं चित्र उभं करायचं. दक्षिण प्रशांत महासागरात फ्रेंच पॉलिनेशियाच्या परिसरात समुद्राचा तळ अपेक्षेपेक्षा उथळ आहे. त्या प्रचंड फुगवट्यावरचं त्यांचं काम भूभौतिकीत प्रसिद्ध आहे.

हा तपशील मी देतोय त्याला कारण आहे. अप्रत्यक्ष मोजमापावर जगणाऱ्या शास्त्रज्ञाला एक सवय लागते. उत्तर आलं की लगेच तो विचारतो, हेच मोजमाप दुसऱ्या कोणत्या चित्रातूनही येऊ शकेल का? 2010 मध्ये ही सवय दोनदा कसोटीला लागली. एकदा ती अपुरी पडली आणि एकदा तिनेच वाचवलं.

डॉक्टरेटनंतर तीन वर्षं त्या यूएसजीएसमध्ये भूकंपाच्या अंदाजावर काम करत होत्या. 1982 पासून एमआयटीत प्राध्यापक. या काळात त्यांनी पंधरा मोठ्या सागरी मोहिमा केल्या आणि निम्म्याहून अधिक मोहिमांत त्या मुख्य शास्त्रज्ञ होत्या. भूकंपलहरींच्या प्रयोगांत पाण्याखाली स्फोट घडवावे लागत, म्हणून अमेरिकी नौदलाकडून स्फोटकं हाताळण्याचं प्रशिक्षणही त्यांनी घेतलं होतं.

मुख्य शास्त्रज्ञाचं काम नेमकं काय असतं, ते जहाजावर न गेलेल्या माणसाला सांगावं लागतं. जहाजाचे दिवस मोजून मिळतात. वेगवेगळ्या संस्थांतून आलेली, एकमेकांना फारशी न ओळखणारी माणसं एकाच डेकवर असतात आणि प्रत्येकाला आपलं उपकरण आधी पाण्यात सोडायचं असतं. वारा वाढतो, केबल अडकते, एखादं उपकरण तळाशीच राहतं. मग पहाटे तीन वाजता ठरवावं लागतं की उरलेल्या चार दिवसांत काय करायचं आणि काय सोडून द्यायचं. माहिती पुरेशी नसते, आणि ती पुरेशी होईपर्यंत जहाज थांबत नाही.

1997 मध्ये त्या मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियम रीसर्च इन्स्टिट्यूटच्या म्हणजे ‘एमबारी’च्या प्रमुख झाल्या आणि 2009 पर्यंत तिथे होत्या. डेव्हिड पॅकार्ड यांनी 1987 मध्ये ही संस्था काढली ती एका ठाम भूमिकेतून. शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर यांनी बरोबरीच्या नात्याने काम करायचं, इंजिनिअर हा शास्त्रज्ञाचा हरकाम्या नव्हे. खोल समुद्रातली दूरनियंत्रित यानं आणि स्वतःहून फिरणारी स्वयंचलित यानं हा या संस्थेचा रोजचा व्यवहार. बारा वर्षं अशा संस्थेचा कारभार पाहिलेल्या व्यक्तीला दीड किलोमीटर खोलवर काय मोजता येतं आणि काय येत नाही, हे कागदावरून शिकावं लागत नाही.

पहिले दोन आकडे

20 एप्रिल 2010 च्या रात्री लुइझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे 66 किलोमीटरवर ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या वेधन-मंचावर स्फोट झाला. अकरा कामगारांचा जीव गेला. दोन दिवस जळून 22 एप्रिलला मंच बुडाला. त्याला विहिरीशी जोडणारा लांब पाइप, म्हणजे रायझर, वाकून मोडून समुद्रतळावर कोसळला. विहिरीचं नाव मकोंडो. ती बीपी कंपनीची होती आणि मंच ट्रान्सओशनचा.

तेल गळतंय हे लक्षात आल्यावर पहिला आकडा आला दिवसाला 1,000 पिंपांचा. एक पिंप म्हणजे 159 लिटर. 28 एप्रिलला सरकारी यंत्रणेने तो 5,000 केला. हा अंदाज घाईत, थोड्या माहितीवर काढला होता आणि त्याची पद्धत जाहीर केलेली नव्हती. घाई समजण्यासारखी आहे. पण पुढे महिनाभर हाच सरकारचा अधिकृत आकडा राहिला, हे समजण्यासारखं नाही.

दरम्यान बाहेरचे लोक हिशेब करू लागले. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काहींनी 20,000 पिंपांच्या पुढचे आकडे काढले. 12 मे रोजी बीपीने गळतीची तीस सेकंदांची चित्रफीत प्रसिद्ध केली आणि दुसऱ्याच दिवशी पर्ड्यू विद्यापीठाचे स्टीव्ह वेअरली यांनी ती पाहून दिवसाला 70,000 पिंपं असा अंदाज दिला, वीस टक्के इकडे-तिकडे. मग 16 मे रोजी मोडक्या रायझरच्या तोंडात एक नळी घालून तेल वर ओढायला सुरुवात झाली. चार दिवसांनी बीपीने सांगितलं की नळीतून दिवसाला सुमारे 5,000 पिंपं वर येत आहेत. त्याच वेळी थेट प्रक्षेपणात नळीच्या बाजूने तेलाचा काळा ढग उसळताना सगळ्या जगाला दिसत होता. अधिकृत आकडा त्या क्षणी उघडा पडला.

आकड्याला इतकं महत्त्व का, असं तेव्हाही विचारलं गेलं. कितीही तेल येत असलं तरी विहीर बंद करायचीच आहे ना? बीपीची भूमिकाही तेव्हा अशीच होती, की मोजणीने उपाय बदलत नाहीत. हा युक्तिवाद सरळ चुकीचा होता. वर किती क्षमतेची जहाजं आणून ठेवायची, कोणता उपाय यशस्वी होऊ शकतो, खोल पाण्यातल्या जिवांवर किती परिणाम होईल, हे सगळं त्याच आकड्यावर अवलंबून होतं. आणि पैसाही. अमेरिकेच्या स्वच्छ पाणी कायद्यानुसार तेव्हा सांडलेल्या प्रत्येक पिंपामागे 1,100 डॉलरपर्यंत, आणि घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर 4,300 डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. प्रत्येक हजार पिंपांमागे दंडाची रक्कम लाखो डॉलरांनी हलणार होती.

एका प्रश्नाला चार बाजूंनी भिडणं

राष्ट्रीय आपत्ती-प्रमुख म्हणून तटरक्षक दलाचे अ‍ॅडमिरल थॅड अ‍ॅलन काम पाहत होते आणि हा गट त्यांच्यासाठी काम करणार होता. मॅकनट यांनी ह्यूस्टनमध्ये, बीपीच्याच कार्यालयात मुक्काम ठोकला. गटात सरकारी प्रयोगशाळांचे आणि विद्यापीठांचे लोक होते. त्यांचे वेगवेगळे चमू पाडले गेले आणि प्रत्येकाने वेगळ्या वाटेने त्याच आकड्यापर्यंत जायचं ठरलं. या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच, असं मला वाटतं.

एक चमू चित्रफितीवरून वेग काढत होता. उसळणाऱ्या ढगातले भोवरे, फुगे, कडा एका चौकटीतून पुढच्या चौकटीत किती सरकतात ते पाहायचं. दुसरा चमू पृष्ठभागावर पसरलेल्या तेलाचा जमाखर्च मांडत होता. नासाच्या विमानावरचं वर्णपटमापक तेलाच्या थराची जाडी टिपत होतं. त्यात बाष्पीभवन झालेलं, जाळलेलं, उपसलेलं तेल मिळवायचं आणि दिवसांनी भागायचं. तिसरा चमू जमिनीखालच्या तेलसाठ्याचं प्रतिरूप करत होता, म्हणजे खडकातली छिद्रं, दाब, तेलाचा दाटपणा पाहून साठा किती वेगाने रिकामा होऊ शकतो ते काढत होता. चौथा चमू साठ्यापासून तोंडापर्यंतच्या नळमार्गातला प्रत्येक अडथळा हिशेबात धरत होता.

शिवाय वुड्स होलच्या सागरी संशोधन संस्थेचे रिच कॅमिली आणि सहकारी ध्वनिलहरींनी मोजणार होते. त्यांची ही मोजणी मे महिन्याच्या सुरुवातीलाच करायचं घाटत होतं, पण तेव्हा ती होऊ दिली गेली नाही. ती झाली 31 मे रोजी. दूरनियंत्रित यानावर दोन यंत्रं बसवली. एक डॉप्लर तत्त्वाने उसळीचा वेग मोजणारं, दुसरं उसळीचा आडवा छेद दाखवणारं. काळ्या ढगाच्या आत प्रकाश जात नाही, पण ध्वनी जातो. चित्रफितीत फक्त बाहेरचा पापुद्रा दिसत होता. यांना आतलं दिसलं.

सगळ्या पद्धतींना एक अडचण सामायिक होती. बाहेर पडत होतं ते नुसतं तेल नव्हतं, तेल आणि वायूचं मिश्रण होतं. एकूण घनफळात तेलाचा वाटा निम्म्याहूनही कमी होता. हा वाटा चुकला की वेग कितीही अचूक असला तरी आकडा चुकणार. वुड्स होलच्या चमूने पुढे जूनमध्ये थेट विहिरीच्या तोंडाशी, दाब न सोडणाऱ्या बंद कुपीत नमुना घेतला तेव्हा कुठे हा वाटा पक्का झाला.

आणखी एक अडचण शास्त्राची नव्हतीच. तेलसाठ्याची माहिती ही कंपनीची व्यावसायिक मालमत्ता. ती पाहायची तर गोपनीयतेची बंधनं आली, आणि मग विद्यापीठातल्या सहकाऱ्यांशी त्यावर मोकळी चर्चा करता येईना. एकाच गटातल्या काहींना जी माहिती दिसते ती इतरांना दिसत नाही, अशा स्थितीत सहमती घडवणं किती अवघड असतं, हे ज्याने कधी असा गट चालवला आहे त्यालाच कळेल.

27 मे

गट स्थापन होऊन जेमतेम आठवडा झाला होता. अध्यक्षांपासून वार्ताहरांपर्यंत सगळे आकडा मागत होते. 27 मे रोजी मॅकनट यांनी तो जाहीर केला. दिवसाला 12,000 ते 19,000 पिंपं.

हा पल्ला कसा आला ते पाहू. पृष्ठभागावरच्या तेलाचा जमाखर्च मांडणाऱ्या चमूचं उत्तर 12,000 ते 19,000 होतं. चित्रफितीच्या चमूचं 12,000 ते 25,000. वरवर पाहता दोन्ही पल्ले एकमेकांवर छान बसतात. पण चित्रफितीच्या चमूने दिलेला पल्ला हा ‘किमान इतकं तरी’ या प्रश्नाच्या उत्तरातला पल्ला होता. त्यांच्या हाती आलेल्या फिती तोकड्या आणि निकृष्ट होत्या. त्यावरून खालची मर्यादा सांगता येत होती, वरची सांगता येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. जाहीर करताना एका चमूचं ‘इतकं आहे’ आणि दुसऱ्या चमूचं ‘इतक्याहून कमी नाही’ ही दोन वेगळ्या जातीची विधानं एकाच ओळीत आली. ऐकणाऱ्याने त्याचा एकच अर्थ घेतला, की फार तर एकोणीस हजार. काही दिवसांतच गटातल्याच काही शास्त्रज्ञांनी उघडपणे सांगितलं की आम्ही वरची मर्यादा दिलेलीच नव्हती.

जमाखर्चाची पद्धतही फसली होती, फक्त ते अजून दिसत नव्हतं. तिच्यात एक गृहीत होतं की तेल हलकं, म्हणजे ते वर येणार. पण दीड किलोमीटर खोलीवर वायूसकट जोराने बाहेर पडणारं तेल बारीक थेंबांत फुटतं, आणि त्यातला मोठा भाग आणि जवळजवळ सगळा मिथेन खोल पाण्यातच अडकून राहिला होता. सुमारे 1,100 मीटर खोलीवर त्याचा एक पट्टा आडवा सरकत होता. विमानाला तो दिसणं शक्यच नव्हतं. एमबारीचं स्वयंचलित यान त्याच सुमारास एका सरकारी संशोधन जहाजावरून याच खोलीचे नमुने घेत होतं. मॅकनट ज्या संस्थेतून आल्या होत्या तिचंच यान. जे खर्चाच्या वहीत लिहिलंच गेलं नव्हतं, ते शोधत होतं.

माझ्या मते 27 मेचं निवेदन ही चूक होती. आकडा कमी आला हा त्यातला दोष मी धरत नाही. आठवड्याभराच्या कामात तो कमी येणं क्षम्य आहे. दोष असा की खालच्या मर्यादेला पल्ल्याचं रूप दिलं गेलं. ‘किमान 12,000, वरची मर्यादा अजून माहीत नाही’ इतकं साधं वाक्य सांगता आलं असतं. अर्थात मॅकनट यांच्या खुर्चीत बसून पाहिलं तर गोष्ट इतकी सोपी नव्हती. त्यांनी काहीच जाहीर केलं नसतं तर 5,000 हाच अधिकृत आकडा राहिला असता, आणि तो खोटा आहे हे तोवर त्यांना नक्की माहीत होतं. गप्प राहण्याचीही किंमत होती. त्यांनी अधिकृत आकडा एका झटक्यात दुपटी-चौपटीवर नेला, हे त्यांच्या बाजूने लिहिलंच पाहिजे.

त्याच दिवसांत, 26 ते 28 मे दरम्यान, विहिरीत वरून जड चिखल दाबून ती बुजवण्याचा प्रयत्न चालू होता. तो फसला. प्रवाह 15,000 पिंपांच्या पुढे असेल तर हा उपाय चालणार नाही, असा हिशेब बीपीच्या आतल्या मंडळींकडे होता, हे नंतर बाहेर आलं. नोव्हेंबर 2012 मध्ये कंपनीने अकरा मृत्यूंबद्दलच्या आरोपांबरोबरच, प्रवाहाच्या आकड्यांबाबत अमेरिकी काँग्रेसची दिशाभूल केल्याचा गुन्हाही कबूल केला. मोजणीने उपाय बदलत नाहीत, या म्हणण्याचं उत्तर यात आहे.

ऑक्टोबर 2010 मध्ये या दुर्घटनेवरच्या राष्ट्रीय आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी सरकारी अंदाजांवर टीका केली. सुरुवातीच्या कमी आकड्यांमुळे सरकारवरचा लोकांचा विश्वास उडाला, असा त्यांचा रोख होता. टीका मुख्यतः 5,000 वर होती, पण तिच्या कक्षेत पुढचे आकडेही आले.

आकडा वर सरकतो

यानंतर जे घडलं ते कमी नाट्यमय आहे, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. मॅकनट यांनी आधीच्या आकड्याचं समर्थन करत बसण्यात वेळ घालवला नाही. 10 जूनला नवा पल्ला आला, 20,000 ते 40,000. 3 जूनला रायझर कापून विहिरीच्या तोंडावर टोपी बसवली होती. त्या टोपीत दाबमापक बसवल्यावर ऊर्जा मंत्री स्टीव्हन चू यांच्या चमूने आणि मॅकनट यांच्या गटाने मिळून 15 जूनला 35,000 ते 60,000 हा आकडा दिला. तीन आठवड्यांत तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी वर. पदावरच्या माणसाला हे करणं किती जड जातं! प्रत्येक सुधारणा म्हणजे कालचं आपलंच बोलणं खोडणं. पुष्कळ संस्थांत पहिला आकडा एकदा छापला गेला की तो जपण्यातच पुढचं सगळं संशोधन खर्ची पडतं.

15 जुलैची रात्र

जुलैच्या मध्यावर विहिरीच्या तोंडावर नवी, घट्ट बसणारी झडपांची टोपी चढवली गेली. 15 जुलैला झडपा एकेक करून बंद केल्या आणि सत्त्याऐंशी दिवसांत पहिल्यांदा समुद्रात तेल जाणं थांबलं.

आता प्रश्न उलटा झाला. झडपा बंद केल्यावर आतला दाब वाढत जाणार. तो चौरस इंचाला 7,500 पाउंडांच्या पुढे गेला तर विहिरीचं आवरण शाबूत आहे असं धरायचं. 6,000 च्या खाली राहिला तर कुठेतरी जमिनीखाली तेल झिरपतंय असं समजून झडपा पुन्हा उघडायच्या. दाब वाढत वाढत 6,700 च्या आसपास रेंगाळला. नेमका मधल्या, काहीच न सांगणाऱ्या पट्ट्यात.

दोन अर्थ निघत होते. एक, आवरण फुटलंय आणि तेल खडकात शिरतंय. तसं असेल तर ते खडक फोडत समुद्रतळातूनच वर येईल आणि मग टोपी बसवायला तोंडच उरणार नाही. दुसरा, विहीर धडधाकट आहे, पण तीन महिने तेल गेल्यामुळे साठ्यातलाच दाब उतरलाय. पहिला अर्थ खरा असताना झडपा बंद ठेवल्या तर संकट हाताबाहेर जाणार होतं. दुसरा खरा असताना उघडल्या तर थांबलेली गळती आपल्याच हातांनी पुन्हा सुरू होणार होती. ह्यूस्टनमधल्या बऱ्याच जणांचा कल उघडण्याकडे होता.

त्या रात्री हा प्रश्न गेला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला बसलेल्या पॉल शिए यांच्याकडे. ते यूएसजीएसचे, पण तेलाचे नव्हेत, भूजलाचे शास्त्रज्ञ. दाबाच्या आलेखाचा मोबाइलवर काढलेला फोटो त्यांच्याकडे पोचला. त्यांनी तो वाचून आकडे काढले आणि भूजलासाठी लिहिलेल्या ‘मॉडफ्लो’ या यूएसजीएसच्याच संगणक-प्रणालीत तेलसाठा बसवला. जमिनीखालच्या सच्छिद्र खडकातून पाणी वाहो की तेल, दाब आणि प्रवाहाचं गणित मुळात तेच असतं. सकाळपर्यंत त्यांनी दाखवलं की न गळणारी, पण साठा उतरलेली विहीरही दाबाचा हुबेहूब असाच आलेख देईल. दाब वाढण्याची चालही त्याच्याशी जुळत होती.

झडपा बंद राहिल्या. आंधळेपणाने नव्हे. चोवीस तासांची मुदत एकेक करून वाढवत गेले आणि प्रत्येक मुदतीत जहाजांनी समुद्रतळ ध्वनिलहरींनी आणि कॅमेऱ्यांनी चाळून काढला. कुठेही गळती दिसली नाही. शिए यांचं म्हणणं खरं ठरलं. 2011 मध्ये त्यांना अमेरिकेतल्या ‘वर्षाचा सर्वोत्तम संघराज्य कर्मचारी’ या सन्मानासाठी निवडण्यात आलं.

साठा किती रिकामा झाला हे सांगायचं तर एकूण किती तेल गेलं याचा अंदाज हवाच. मे महिन्यात ‘याने काय फरक पडतो’ म्हणून ज्या आकड्याची वासलात लावली जात होती, जुलैच्या त्या रात्री त्याच्याशिवाय दाबाचा अर्थ लागला नसता. प्रवाह 5,000 धरला असता तर साठ्याचा दाब इतका उतरणं शक्यच दिसलं नसतं आणि झडपा उघडल्या गेल्या असत्या, असं मला वाटतं. हे माझं अनुमान आहे, पण गणित त्याच दिशेला बोट दाखवतं.

नेतृत्वाच्या अंगाने इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. खोलीत तेलक्षेत्रातले अनुभवी लोक होते, नोबेलविजेते मंत्री होते. तरीही एका भूजलतज्ज्ञाच्या एका रात्रीच्या कामाला ऐकून घेतलं गेलं. आपल्या संस्थेत कोण काय करू शकतं, हे हुद्द्यांच्या तक्त्यापलीकडे माहीत असलेली व्यवस्था असेल तरच असं होतं. आणि त्या माणसाचं उत्तर बहुसंख्यांच्या कलाविरुद्ध असूनही सकाळच्या बैठकीत मांडायला जागा ठेवावी लागते.

नंतरचे हिशेब

2 ऑगस्टला अंतिम आकडा जाहीर झाला. सुरुवातीला दिवसाला 62,000 पिंपं, साठा उतरत गेल्याने शेवटी 53,000. एकूण 49 लाख पिंपं, दहा टक्के इकडे-तिकडे, त्यातली सुमारे आठ लाख वर उपसून घेतलेली. शेवटच्या दिवसाचा 53,000 हा आकडा टोपीच्या झडपा बंद करताना मोजलेल्या दाबांवरून आला होता, म्हणून तो बाकी सगळ्यांपेक्षा भक्कम होता. कॅमिली यांच्या चमूने 31 मेच्या ध्वनिमोजणीवरून काढलेला आकडा 59,000 च्या आसपास होता. 1989 मध्ये अलास्कात ‘एक्झॉन वाल्डीझ’ जहाजातून सुमारे 2,57,000 पिंपं सांडली होती. मकोंडोने तितकं तेल साडेचार दिवसांच्या आत ओकलं.

मग न्यायालय. सरकारचं म्हणणं होतं 42 लाख पिंपं समुद्रात गेली, बीपीचं म्हणणं 24.5 लाख. जानेवारी 2015 मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बिए यांनी 31.9 लाख हा आकडा धरला. आदल्या वर्षी त्यांनी घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवलेला होताच. शेवटी 2016 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीत बीपीने वीस अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम द्यायचं मान्य केलं, त्यातले साडेपाच अब्ज स्वच्छ पाणी कायद्याखालचा दंड.

या खटल्याची झळ शास्त्रज्ञांनाही लागली, आणि हा भाग मला अस्वस्थ करतो. 2012 मध्ये कॅमिली आणि त्यांचे सहकारी क्रिस रेडी यांना न्यायालयीन आदेशामुळे तीन हजारांहून अधिक खासगी ईमेल बीपीच्या हवाली करावे लागले. त्यांत निष्कर्ष नव्हते, निष्कर्षापर्यंत जातानाची धडपड होती. शंका होत्या, खोडलेले तर्क होते, एकमेकांना विचारलेले बालिश वाटतील असे प्रश्न होते. संशोधन असंच होतं. तीच शंका वकिलाच्या हातात पडली की ‘बघा, त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती’ असा तिचा पुरावा बनतो. संकटकाळात मदतीला धावलेल्या माणसाची ही बक्षिसी असेल तर पुढच्या वेळी फोन वाजल्यावर तो काय करेल? संस्थाप्रमुखाने आपल्या लोकांना बोलावण्याआधी या गोष्टीचा विचार केला पाहिजे, आणि माझ्या माहितीतल्या बहुतेक संस्था तो करत नाहीत.

मॅकनट यांना तटरक्षक दलाने या कामाबद्दल पदक दिलं. फेब्रुवारी 2013 मध्ये त्यांनी यूएसजीएस सोडली, त्याच वर्षी ‘सायन्स’ साप्ताहिकाच्या मुख्य संपादक झाल्या, आणि 2016 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अध्यक्ष. दोन्ही ठिकाणी त्या पहिल्या महिला.

पण त्या उन्हाळ्याचा शेवट माझ्या लेखी पदकात नाही. तो आहे 2012 मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या एका आढावा-लेखात, ज्यावर पहिलं नाव मॅकनट यांचं आहे. प्रवाहाचा अंदाज काढणाऱ्या सगळ्या पद्धती त्यात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. कोणती कुठे चालली, कोणती कुठे कमी पडली ते लिहिलं आहे, आणि बहुतेक मोजण्या दिवसाला 50,000 ते 70,000 पिंपांच्या पट्ट्यात येतात असं दाखवलं आहे. तो पट्टा ज्याला कळला त्याला मे महिन्यातला 12,000 ते 19,000 किती खाली होता हे वेगळं सांगावं लागत नाही. तो आकडाही मॅकनट यांनीच वाचून दाखवला होता.